आमच्याकडे पहिला नसतो

शाळेत रोज सकाळी व्यायामाचे आकडे मी मोजते. ही साधी गोष्ट समजू नका. अख्खी शाळा मैदानात उभी असते आणि माझ्या एका आवाजावर सगळ्यांचे हात वर जातात, खाली येतात. मागच्या वर्षापर्यंत मी शेवटच्या रांगेत तोंड मिटून उभी असायचे. माझे बाबा हरलेल्या जुन्या सैन्यात होते, आणि अशांच्या मुलांनी पुढे पुढे करायचं नसतं हे कुणी न सांगताच सगळ्यांना कळलं होतं. मग एकदा भोंगा बिघडला, त्याच दिवशी व्यायामाच्या बाईंचा घसा बसला, आणि मी मागूनच सुरुवात केली. नदीपलीकडच्या होडीवाल्याला अलीकडून हाक मारणाऱ्या घरातली मी. माझा आवाज शेवटच्या रांगेत मावणारा नव्हताच. तेव्हापासून आकडे माझे.

एक, दोन, तीन, चार. आमच्या घरातला सगळा घोळ या आकड्यांवरूनच झाला.

इकडे दक्षिणेत, आमच्या काओ लानमध्ये, थोरल्या मुलाला पहिला म्हणत नाहीत, दुसरा म्हणतात. त्याच्या पाठचा तिसरा, मग चौथा, असं पोरं संपेपर्यंत. पहिला नसतोच. का नसतो ते विचारलंत तर एकेक म्हातारा एकेक कारण सांगेल. कुणी म्हणतं पहिला हा मान गावाच्या मुखियाचा. कुणी म्हणतं पहिल्या पोरावर भुतांचा डोळा असतो, म्हणून त्यांना चकवायचं. कुणी म्हणतं आपले पूर्वज उत्तरेतून इकडे आले तेव्हा थोरल्याला थडगी सांभाळायला तिकडेच ठेवून आले, म्हणून इथली मोजणी दोनपासून. मला कधी प्रश्न पडला नव्हता. बाबा घरात थोरले, म्हणून ते दुसरा. मी त्यांची एकुलती एक, म्हणून मीही दुसरी. आजोबा त्यांच्या भावंडांत सहावे, आणि बाईला नवऱ्याचा आकडा मिळतो, म्हणून आजीला सगळी गल्ली सहावी म्हणते. माझं नाव लाय आहे, म्हणजे मोगरा, पण ते फक्त शाळेत.

आता आजोबांचं सांगते. फ्रेंच हरले त्या वर्षी कुठल्याशा थंड गावात मोठमोठ्या देशांची माणसं टेबलाभोवती बसली आणि त्यांनी आमच्या नकाशावर मधोमध रेघ ओढली. फ्रेंचांशी लढलेल्यांनी रेघेच्या वर जायचं. दोन वर्षांनी निवडणूक होईल, मग रेघ पुसून टाकू. बोटी आमच्याच धक्क्यावरून सुटल्या. आजी धक्क्यावर उभी, चौदा वर्षांचे बाबा शेजारी, तिसरी आत्या तिच्या कडेवर. आजोबांनी बोटीतून हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. बोटीतले सगळेच दाखवत होते. दोन वर्षं.

निवडणूक झालीच नाही. शाळेत सांगतात, अमेरिकेनं सायगावात बसवलेल्या माणसाला हरायची भीती वाटली. आजी म्हणते, "निवडणूक झाली असती तर एवढ्या बंदुका कुणाला दिल्या असत्या त्यांनी?" रेघेच्या वर रशिया आणि चीनचा माल उतरायला लागला, रेघेच्या खाली अमेरिकेचा. मरायला माणसं मात्र बाहेरून कुणी फारशी आणली नाहीत. ती इथलीच वापरली.

बाप उत्तरेत, म्हणून सायगावचे पोलीस बाबांना उठसूट उचलून न्यायचे. शेवटी बाबांनी त्यांच्याच सैन्यात नाव घातलं. लेफ्टनंट झाले, पण गोदामावरचे. त्यांनी आयुष्यात तांदळाची पोती सोडून कशावर नेम धरला नसेल. तिसरी आत्या बाजारात पालेभाजी निवडत असताना रॉकेट पडलं. ते रॉकेट रशियाचं होतं आणि सोडणारे आजोबांच्या बाजूचे. आणि आजोबा जंगलातल्या वाटेनं पायी घराकडे निघाले होते तेव्हा वरून अमेरिकेचा बॉम्ब पडला. हे आम्हाला कळलं सगळं संपल्यावर. तोवर आजी आधी जिवंत माणसाची आणि मग मेलेल्या माणसाची वाट पाहत राहिली. तिला बिचारीला फरक कळायला काही मार्गच नव्हता.

सायगाव पडलं, किंवा सुटलं, तुम्ही जे म्हणत असाल ते. नव्या सरकारनं जुन्या अधिकाऱ्यांना सुधार-छावणीत बोलावलं. दहा दिवसांचं सामान आणा म्हणाले. बाबांनी मोजून दहा दिवसांचे सुके मासे नेले. त्याला दीड वर्ष होऊन गेलं.

"या घरातल्या पुरुषांना मुदत सांगून नेतात," आजी म्हणायची. "एकाला दोन वर्षं म्हणाले, दुसऱ्याला दहा दिवस. तिसऱ्याला नेतील तेव्हा जेवायच्या आत परत आणतो म्हणतील."

आणि अशात हनोईवाली आली.

ती उत्तरेतल्याच दुसऱ्या शहरातली, नाम दिन्हची होती, पण आजीनं तिला तेवढंही कबूल केलं नाही. दुपारी तीनचाकी रिक्षा दारात थांबली. काळी विजार, पांढरं पोलकं, हातात कापडात गुंडाळलेली तसबीर, आणि मागे दोन वेण्यांची एक पोरगी. बाईनं कापड सोडलं. आत आजोबा. आमच्याकडे त्यांचा एकही फोटो उरला नव्हता, पोलिसांच्या भीतीनं आजीनं सगळे चुलीत घातले होते. मी आजोबांना पहिल्यांदा पाहिलं ते एका परक्या बाईच्या हातात.

"मी लोआन," ती म्हणाली. "यांची उत्तरेतली बायको. आणि ही न्गा, यांची मुलगी."

आजी तांदळाचे पापड घालत होती. उकळत्या भांड्यावर ताणलेल्या फडक्यावर तिनं पिठाची एक पळी ओतली, गोल फिरवली, झाकण ठेवलं, आणि शिजलेला पापड उचलून बांबूच्या जाळीवर पसरला. मग मला म्हणाली, "दुसरे, त्यांना विचार, तसबीर ठेवून जाणार की राहणार?"

राहणारच होती. तिची बदली जिल्ह्याच्या धान्यखात्यात झाली होती. म्हणजे आजीला पापडांना तांदूळ मिळणार की रेशनवरचे ज्वारीसारखे टणक दाणे, हे जिथे ठरतं तिथेच. वर हुतात्म्याची बायको आणि पक्षाची सभासद. तिला कोण नाही म्हणणार?

आईनं मला मागच्या दारी ओढलं. "नीट वाग. हुतात्म्याच्या मुलासाठी घरातल्या पक्षाच्या माणसानं शब्द दिला की छावणीतून सोडतात. पलीकडच्या गल्लीतला एक जण असाच आला. तुझे बाबा आता या बाईच्या तोंडात आहेत, कळलं?"

मला कळलं. आजीलाही कळलं असणार. पण आजी ती आजी.

न्गा माझ्याहून चार महिन्यांनी लहान. पण आजोबांची मुलगी म्हणजे बाबांची बहीण, म्हणजे माझी आत्या. हे तिला पहिल्याच संध्याकाळी सुचलं.

"तू मला आत्या म्हणायला हवंस."

"तुझ्या नावाचा अर्थ काय गं?"

"रशिया. बाबांनी ठेवलं. त्यांनी आपल्याला किती मदत केली."

"हो, आमच्या तिसऱ्या आत्याला बाजारात येऊन भेटून गेली ती मदत."

"आणि माझ्या बाबांना तुझ्या बाबांच्या विमानांनी मारलं."

"तुझे बाबा म्हणजे माझे आजोबा. आणि माझ्या बाबांकडे सायकलसुद्धा नव्हती, न्गा आत्या."

'आत्या' मी असं म्हणायचे की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी.

त्या रात्री जेवताना आजीनं न्गाला चेन आणायला सांगितलं. आमच्याकडे चेन म्हणजे भाताचा वाडगा. उत्तरेत चेन म्हणजे चहाचा इवलासा कप. पोरगी बिचारी फळीवरून चार चहाचे कप घेऊन आली. आई उठायला लागली, तर आजीनं तिला डोळ्यांनी बसवलं. मग प्रत्येक कपात एकेक चमचा भात घातला आणि एक हनोईवालीच्या पुढे ठेवला.

"उत्तरेत एवढंच जेवतात वाटतं. आम्हाला काय माहीत, आम्ही अडाणी."

हनोईवालीनं तो चमचाभर भात शांतपणे खाल्ला, कप पुसला आणि म्हणाली, "खरंय. एवढाच मिळायचा. बाकीचा इकडे लढाईला यायचा."

आजीचा हात पातेल्यातच राहिला. पण दुसऱ्या दिवशीही कपच आले.

त्या बाईला आजीनं एकदाही हाक मारली नाही. तुम्ही म्हणाल त्यात काय. आमच्याकडे नातं लावल्याशिवाय वाक्यच उभं राहत नाही. ताई, वहिनी, मावशी, काहीतरी म्हणावंच लागतं. कुणाशी नुसतं बोलणं म्हणजे कुत्र्याला यूयू करण्यासारखं. आजी तर तेवढंही करायची नाही, भिंतीला सांगायची. "भिंते, चूल मोकळी झाली असेल तर सांग." शेजाऱ्यांनी मात्र आपल्या रीतीनं हिशेब लावला. बाई सहाव्याची बायको, म्हणजे तीही सहावी. होडीवाला दहावा एक दिवस दारातून ओरडला, "सहावी, येणार का पलीकडे?" आणि दोघी एकदम वळल्या. आजीनं पंधरवडाभर त्याच्या होडीत पाय ठेवला नाही.

तसबीर देव्हाऱ्यात ठेवायच्या दिवशी दोघींची पहिली खरी जुंपली. आजीला ती डावीकडे हवी होती, तिसऱ्या आत्याच्या फोटोशेजारी. हनोईवालीनं ती मधोमध ठेवली आणि वर सरकारचं हुतात्म्याचं मानपत्र टांगलं.

आजी भिंतीला म्हणाली, "त्यांनी मला दोन बोटं दाखवली होती. दोन वर्षं. मी एकवीस थांबले. मधोमध काय ठेवायचं ते मी सांगेन."

"मलाही दाखवली होती," हनोईवाली म्हणाली. "जंगलाच्या वाटेला लागले तेव्हा. न्गा सात वर्षांची होती. मला वाटलं, आम्हा दोघींसाठी परत येईन म्हणताहेत. मग आठवलं, त्यांच्या तोंडात कायम एकच असायचं, दुसरा. दुसऱ्याला पोहायला मी शिकवलं, दुसऱ्याला मासा भाजलेला आवडतो. मी एकदा विचारलं, आणि पहिला? तर हसले. म्हणाले, आमच्याकडे पहिला नसतो." ती आजीकडे वळली. "नसतो म्हणजे काय? माणसाचा थोरला मुलगा असतो आणि बाप त्याचं नावही घेत नाही? इतकं काय केलं त्यानं?"

मी हसणारच होते. आईचंही तोंड उघडलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण आजीनं पानाची पिंक टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईकडे बघून, अगदी गोड आवाजात म्हणाली, "पहिला ना? तो अमेरिकेला गेला. हेलिकॉप्टरला लोंबकळून."

गल्लीभर तो विनोद फिरला. माणसं पोट धरधरून हसली. पण हसली ती आमची माणसं. उत्तरेकडच्यांना विनोद आहे हेच कळलं नाही, आणि आमच्यातल्या कुणी सांगितलंही नाही. नव्या साहेबांना काही कळत नाही हा एवढा एकच आनंद तेव्हा फुकट मिळत होता, तो कोण सोडणार?

आई रात्री आजीच्या पाया पडली. "सांगून टाका ना खरं. तुमचाच मुलगा आहे तो."

"माझा आहे म्हणूनच त्या बाईपुढे नाक घासणार नाही," आजी म्हणाली. "माझा नवरा नेला, माझा आकडा नेला. आता माझा मुलगा मला तिच्याकडून मागून आणायचा?"

"मग मी सांगते."

"सांग. तिला वाटेल सून सासूला खोटी पाडतेय. बघ तुझ्यावर विश्वास ठेवते का."

आईनं सांगितलंही. हनोईवालीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या सासूबाईंनी मला स्वतः सांगितलंय. थोरला मुलगा पळालेला असताना लपवणाऱ्या घरासाठी मी शब्द दिला आणि उद्या ते उघड झालं, तर माझ्या मुलीचं काय?" त्या बाईचा राग यायचा मला, पण तिला काही कारण नव्हतं असं नाही.

न्गा शाळेत माझ्याच वर्गाच्या रांगेत उभी राहायची. एका सकाळी मी आकडे मोजून चौथऱ्यावरून खाली उतरले तर म्हणाली, "व्यायामात बरी एकपासून मोजतेस? घरात एक लपवायचा आणि मैदानात ओरडायचा."

मी तिची वेणी ओढली. तिनं माझ्या सदऱ्याची बाही फाडली. बाईंनी दोघींना उन्हात उभं केलं. आम्ही एकमेकींच्या सावलीवर थुंकत होतो. पण मला तिच्या बोलण्यानं एक गोष्ट सुचली होती आणि ती डोक्यातून जाईना.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी गल्लीची सभा होती, शाळेच्याच मोठ्या खोलीत. गल्लीचा प्रमुख क्वेत म्हणून उत्तरेतला तरुण माणूस होता. प्लास्टिकच्या चपला, जाड चष्मा, आणि बोलायच्या आधी घसा साफ करायची सवय. साखर, मग सांडपाणी, मग तरुणांची श्रमदानाची पाळी, आणि सगळ्यात शेवटी त्यानं बाबांचा अर्ज घेतला.

"हुतात्म्याचा मुलगा. वागणूक चांगली. घरातल्या पक्ष-सभासदानं शब्द दिला तर इथली शिफारस पुढे जाईल. कॉम्रेड लोआन?"

हनोईवाली उभी राहिली. "दुसऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आधी या घरानं पहिल्याबद्दल खरं सांगावं."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

क्वेतनं घसा साफ केला. "हे माझ्याही कानावर आलंय. थोरला मुलगा अमेरिकेत आहे का?"

"असा कुणी नाहीच हो," आई रडवेली होऊन म्हणाली.

"आजीबाईंनी स्वतः सांगितलंय म्हणे. आजीबाई?"

आजी बाकावर ताठ बसली होती. पान चघळत होती. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "बोलले ते बोलले."

"म्हणजे आहे?"

"मी म्हातारी आहे. मला आकडे येत नाहीत."

क्वेतनं चष्मा काढून पुसला. "मग हा अर्ज इथेच थांबतो."

आईनं बाकाची कड धरली. आणि मी उठले. कुणी बोलावलं नव्हतं. मी पुढे जाऊन टेबलाशेजारी उभी राहिले आणि रोज सकाळी ओरडते तशी ओरडले, "सगळे उभे राहा. हात बाजूला."

माझी शप्पथ, सगळे उभे राहिले. दीड वर्षात माणसांना एवढी सवय झाली होती की कोण सांगतंय हेही कुणी बघत नव्हतं. क्वेतसुद्धा अर्धा उठला.

"घरी ज्यांना पहिला किंवा पहिली म्हणतात, त्यांनी हात वर. एक."

खोलीत एकही हात हलला नाही.

"दोन."

हातच हात. आई, तांदूळवाली, न्हावी, पुढच्या बाकावरची चार पोरं.

"तीन. चार. पाच."

आता लोकांना कळलं होतं. ते हसत हसत हात वर करायला लागले, आपल्या आकड्याला एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. सहाला आजीनं हात वर केला नाही, पण आजूबाजूच्या बायकांनी तिच्या वतीनं केला. दहाला एकटा होडीवाला, दोन्ही हात वर करून.

"आता परत," मी म्हणाले. "एक."

पुन्हा सगळी खोली थंड. मग टेबलाच्या बाजूला हनोईवालीचा हात हळूच वर गेला, कारण आता तिला प्रश्न कळला होता. ती माहेरची थोरली, म्हणजे उत्तरेच्या हिशेबानं पहिली, आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिच्या मागे न्गाचा. आणि क्वेतचा स्वतःचा हात खांद्यापर्यंत येऊन थांबला.

"बघा," मी म्हणाले. "आमच्याकडे पहिला नसतो. पूर्वज इकडे आले तेव्हा आमचा पहिला तुम्हीच ठेवून घेतलात. आता आमच्याकडेच मागता?"

हसण्यानं खिडक्या वाजल्या. होडीवाला दहावा म्हणाला, "साहेब, कुणी अमेरिकेला जाणारा असता तर आम्हाला नसता का घेऊन गेला?" आणि एकदम सगळे गप्प झाले, कारण हा विनोद महाग पडणारा होता. क्वेतनं जरा जास्तच वेळ घसा साफ केला. त्याला ऐकू आलं नाही असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "बसा सगळे. कॉम्रेड लोआन, मग आता?"

सगळे बसले. ती एकटी उभी राहिली. कान लाल झाले होते. इतक्या माणसांसमोर तिला हात वर करायला लावून मी तिचं हसं केलं होतं आणि तिनं ते विसरावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. मला वाटलं, गेलं. माझ्याच आवाजानं घालवलं.

"शब्द देते," ती म्हणाली. "पण मी या घरात आल्यापासून मला कुणी हाक मारलेली नाही. भिंतीला मारतात, मला नाही. त्यांनी मला एकदा माझ्या नात्यानं बसा म्हणावं. मी बसेन आणि शब्द देईन. नाहीतर मी अशीच उभी आहे."

क्वेतनं आजीकडे बघितलं. आईनं बघितलं. अख्ख्या खोलीनं बघितलं. आजीचं चघळणं थांबलं.

मला आजीची गंमत वाटत नव्हती तेव्हा. तिच्यापाशी नवऱ्याचं काय उरलं होतं? फोटो जाळलेले. हाडं जंगलात कुठेतरी. मानपत्र त्या बाईच्या नावावर. उरला होता एक आकडा, आणि तोच मागितला जात होता. दुसऱ्या बाजूला बाबा होते, आणि त्यांचे दहा दिवसांचे सुके मासे.

आजीनं वाकून पानाची पिंक डब्यात टाकली. पदरानं... नाही, आमच्याकडे पदर नसतो, चौकड्यांच्या पंच्यानं तोंड पुसलं. मग मांजराच्या अंगावर पाणी फेकावं तसं म्हणाली, "सहावे, बस खाली. किती वेळ खांबासारखी उभी राहशील?"

हनोईवाली बसली. "शब्द दिला," म्हणाली.

घरी येताना आजी, आई आणि हनोईवाली तीन बाजूंनी चालत होत्या. आजी मला म्हणाली, "फार आवाज झालाय तुला," आणि पुढे आठवडाभर माझ्याशीही भिंतीमार्फतच बोलली. न्गा म्हणाली, "तू मला सगळ्यांसमोर हात वर करायला लावलास. हे मी लक्षात ठेवीन." मी म्हटलं, ठेव. घरात काही बदललं नाही. जेवायला कप यायचे बंद झाले एवढंच, कारण न्गाला आता वाडगे कुठले ते कळलं होतं. त्याऐवजी आजीनं मानपत्राची काच पुसायचं सोडून दिलं. हनोईवालीनं पापडांच्या तांदळाला चाळणी लावून खडे शोधले आणि आजीच्या पुढ्यात मांडून ठेवले.

पुराचं पाणी चढायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. अंगणात पापडांच्या बांबूच्या जाळ्या उचलायची न्गाची पाळी होती. मी आत अभ्यास करत होते. फाटकापाशी एक माणूस आला. इतका वाळलेला, की सदरा खांद्यावर नाही, खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता.

"कोण हवंय?" न्गानं विचारलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. तिचं नाक आजोबांचं आहे, हे सगळेच म्हणतात.

"मी दुसरा," तो म्हणाला.

न्गा आत वळून गल्लीतल्यांसारखी ओरडली, "सहावी, ए सहावी, दुसरा आलाय."

स्वयंपाकघरातून आणि मागच्या दारातून दोन आवाज एकदम आले, "काय गं ओरडतेस?" आणि दोघी दारात एकमेकींवर आदळल्या. दोघींनाही एकदम बाहेर येता येईना आणि दोघीही मागे सरेनात. शेवटी मीच त्यांच्या हाताखालून वाकून बाहेर पळाले आणि बाबांना पहिली मिठी माझी. आई बाजारातून आली तेव्हा भाजीची टोपली तिनं पाण्यातच सोडली.

जेवायला भाजलेला मासा होता. तो कुणी भाजायचा यावरून आत भांडण झालं होतं आणि मासा एका बाजूनं करपला होता. बाबा देव्हाऱ्याकडे बघत बसले होते. तसबीर अजून मधोमधच होती. बोटभर डावीकडे सरकलेली. रोज सकाळी आजी ती सरकवायची, रोज संध्याकाळी हनोईवाली परत आणायची.

"हा फोटो मी कधी बघितलाच नव्हता," बाबा म्हणाले. "मला फक्त त्यांचा हात आठवतो. बोटीतून दोन बोटं."

"दोन वर्षं," आजी म्हणाली.

"आम्हा दोघींसाठी," हनोईवाली म्हणाली.

बाबा गोंधळून दोघींकडे बघायला लागले. "मला वाटलं मला हाक मारताहेत. दुसरा म्हणून. मी पाण्यात उतरलोसुद्धा होतो. आईनं मागं ओढलं."

आजीनं माशाचा न करपलेला भाग तोडला आणि बाबांच्या वाडग्यात टाकला. हनोईवालीनं उरलेल्यातला चांगला तुकडा शोधून त्याच्यावर ठेवला. आजीनं तो काड्यांनी उचलून बाजूला केला आणि आपला तुकडा वर आणला.

"जेव," ती म्हणाली. "बोलू नकोस. गार होतंय."